मोजणीवाल्या काकांना, होकायंत्र शिकवायला शिकवल्याबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

ठाण्यात मुलांना होकायंत्र शिकवणारे आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहितो आहोत. उघड पत्र अशासाठी, की तुम्ही दिलेलं इतर शिकवणाऱ्यांच्याही हाती पडावं. जन्मभर जमिनीची मोजणी केलेल्या माणसाने नऊ-दहा वर्षांच्या पोरांसाठी इतका बारीक विचार केला, त्याचे मनापासून आभार.

पहिले आभार नाण्याच्या खेळाचे. पायाशी रुपयाचं नाणं ठेवायचं. होकायंत्रावर 40 अंशांच्या दिशेने 20 पावलं, त्यात 120 मिळवून 160 वर 20, आणखी 120 मिळवून 280 वर 20. त्रिकोण समभुज, त्यामुळे पोर नाण्यापाशीच परत यायला हवं. दोन पावलांच्या आत आलं तर छान. लांब राहिलं, तर पावलं लहानमोठी पडली किंवा मधेच होकायंत्राची अंशांची तबकडी सरकली. बरोबर की चूक हे आम्हाला सांगावं लागत नाही, पोर स्वतःच खाली बघून ओळखतं. सुरुवातीचा आकडा 120 च्या आत ठेवला की 360 ओलांडत नाही, हेही तुमचंच.

पण एक चूक नाण्यालाही सापडत नाही, हे तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही फसलोच असतो. सुईच्या तांबड्याऐवजी पांढरं टोक धरलं, तर तिन्ही बाजू 180 अंशांनी उलटतात आणि पोर तरीही नाण्यापाशीच येतं! म्हणून निघण्याआधी हात करून दाखवायला लावायचं: 40 म्हणजे ईशान्येकडे. उपवन तलावाच्या काठावर असलो तर पश्चिमेच्या येऊरच्या डोंगराकडे बोट गेलं, की तिथेच थांबवायचं.

धरण्याची पद्धत आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. होकायंत्राची तळपट्टी आडवी, पोटासमोर, तिच्यावरचा दिशाबाण नाकासमोर. तबकडीवरचा आकडा दिशाबाणाच्या रेघेवर आणायचा, मग तबकडीला हात लावायचा नाही. सुईचं तांबडं टोक तबकडीतल्या बाणाच्या घरात बसेपर्यंत पायांनी, अख्ख्या अंगाने वळायचं. मुलं नुसतं मनगट फिरवतात, मग बाण एकीकडे आणि छाती दुसरीकडे. सुई बसली की नजर वर, त्या रेषेतलं एखादं झाड हेरायचं आणि तिथवर जायचं. सुईकडे बघत चालणारं पोर तिरकं जातंच, आणि पाच अंशांची चूक 100 मीटरवर जवळजवळ नऊ मीटर होते.

लोखंडाबद्दल तुम्ही कडक होतात, ते योग्यच होतं. इमारतीच्या गच्चीवर सराव नको, स्लॅबमधल्या सळया सुई ओढतात. बागेतलं रेलिंग, उभ्या गाड्या, खिशातला मोबाइल, चुंबकाच्या झाकणाची कंपासपेटी, सगळं लांब. दोन मुलांनी ताडून बघायला होकायंत्रं एकमेकांना चिकटवली की दोन्ही सुया बिघडतात, हाताहातावर अंतर हवंच. मुंबईत विजेच्या ट्राम येऊन मोजमाप बिघडणार म्हणून कुलाब्याचं चुंबकीय निरीक्षण अलिबागला न्यावं लागलं आणि 1904 मध्ये तिथे वेधशाळा उभी राहिली, हे सांगितल्यावर तर मुलं आपणहून दप्तरं दूर ठेवतात.

सावलीवरून उत्तर ओळखतानाची अटही तुम्हीच घातलीत. दुपारी बारा-साडेबाराला सावली उत्तरेकडे पडते, असं मुलं पाठ करून येतात. आपल्याकडे साधारण 16 मे ते 27 जुलै ती दक्षिणेकडे पडते, कारण तेव्हा माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. नेमका उन्हाळी सुट्टीतला वर्ग त्यात सापडतो. सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक मात्र आपल्या भागात एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे तो धडा मोठ्या मुलांसाठी ठेवला आहे.

तुमच्या सांगण्यावरून दर वर्गाआधी सगळ्या सुया तपासतो. दोन उलट्या निघाल्या, तांबडं टोक दक्षिणेला. त्यांना पांढरी चिकटपट्टी लावून बाजूला काढलं आहे. बाकीची होकायंत्रं आता एका डब्यात न कोंबता कापडी कप्प्यांत सुटी ठेवतो.

तुमचा 50 मीटरचा टेप धुऊन, वाळवून गुंडाळला आहे. रविवारी आणून देतो.

आपले,
ठाण्यातल्या होकायंत्र वर्गाचे शिक्षक