तळमजल्यावरच्या वहिनींना जाहीर थँक्यू

वहिनी, नमस्कार.

खरं तर हे खाली येऊन सांगता आलं असतं, पण तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलला असतात आणि हातावर लाडू ठेवून मोकळ्या झाला असतात, म्हणून लिहून टाकतोय, आणि मुद्दाम सगळ्यांसमोर. कारण पाच जास्तीची बटणं बसवलेल्या माझ्या कीबोर्डचा फोटो टाकल्यापासून जो तो मलाच म्हणतोय भारी बनवलंस रे, ऑफिसातली पोरं तर आपापले कीबोर्ड घेऊन यायला निघालीयत, आणि मी सांगतोय की अरे डोकं आमच्या वहिनींचं आहे तर त्यांना वाटतं मी उगाच विनय दाखवतोय. विनय कसला डोंबलाचा. कानस माझी, घाम माझा, बाकी सगळं तुमचं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझ्याकडे ८७ बटणांचा मेकॅनिकल गेमिंग कीबोर्ड आहे, म्हणजे उजवीकडचा नंबरपॅड नसलेला, निळ्या स्विचचा, ज्याच्या टकटकीवरून शेजारच्या काकांनी मला दोनतीनदा सुनावलेलं आहे. मला त्याच्या डाव्या कडेला पाच जास्तीची बटणं हवी होती, उभी एका ओळीत. रात्री युरो ट्रक सिम्युलेटर २ खेळतो त्यात वायपर, इंडिकेटर, रिटार्डर (ट्रकचा जादा ब्रेक) असं कायकाय लागतं आणि बोटं कीबोर्डभर नाचवावी लागतात, आणि दिवसा मराठी टायपिंगचं काम करतो तेव्हा मी वापरतो त्या लेआउटमध्ये ॲ काढायला कसरत करावी लागते, आणि 'अ‍ॅप' नाही 'ॲप' करा असं क्लायंट सांगतो तेव्हा तो एक ॲ जीव खातो.

आता ह्याचा सरळ रस्ता आहे आणि तो मला प्रत्येकाने सांगितला. एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे बोटभर कॉम्प्युटरच, घ्यायचा, प्रो मायक्रो नाहीतर २०२१ ला आलेला रास्पबेरी पाय पिको, त्यात क्यूएमके हे कीबोर्डचं सॉफ्टवेअर टाकायचं, बटणं जोडायची, आणि त्यांना एफ१३ ते एफ२४ ही नावं द्यायची, कारण विंडोजला ही बारा बटणं अजून कळतात पण कुठल्या कीबोर्डवर ती सहसा नसतात त्यामुळे कशाशी भांडण होत नाही. बरोबर रस्ता आहे, ज्याला पटकन काम हवंय त्याने डोळे मिटून हाच धरावा. पण मग दुसरी यूएसबी वायर, टेबलावर सरकणारा दुसरा डबा, आणि मला तर ती बटणं कीबोर्डचीच हवी होती. हट्ट म्हणा.

त्या हट्टात मी कीबोर्ड उघडून बसलो होतो (एक स्क्रू बऱ्याचदा वॉरंटीच्या स्टिकरखाली असतो, तो सापडेपर्यंत माणूस प्लॅस्टिक मोडायला निघतो) आणि तुम्ही डबा परत द्यायला वर आलात. उलटा पडलेला बोर्ड बघितलात आणि उभ्याउभ्या म्हणालात, "हे तर रो-कॉलमच आहे की." मला वाटलं तुम्ही सहज बोललात. तुम्ही भोसरीला कंपनीत जाता, पहिल्या शिफ्टची बस पकडता, एवढंच आम्हा बिल्डिंगवाल्यांना माहीत. त्या कंपनीत बटणांचे पॅनल बनतात आणि तुम्ही इतकी वर्षं त्याच लाइनवर सोल्डरिंग आणि टेस्टिंग करताय हे मला त्या दिवशी कळलं. विश्रांतवाडीत एका बिल्डिंगीत राहून. असो.

मग तुम्ही तो प्रश्न विचारलात, "भाऊजी, ह्याच्यातच जागा रिकामी असेल तर बाहेरून कशाला आणायचं?"

हे इथे नीट सांगतो कारण सगळी गंमत ह्यातच आहे. ८७ बटणांना ८७ तारा ओढत नाहीत, चिपला तेवढे पाय परवडत नाहीत. आडव्या आणि उभ्या लाइनी असतात आणि प्रत्येक बटण एका आडव्या-उभ्या जोडीवर बसतं, चिप एकेक लाइन चालू करून सेकंदाला शेकडो वेळा विचारत राहते की ह्या जोडीवर कोणी दाबलंय का. तुम्ही सांगितलंत, बालगंधर्वला तिकिटावर असतं तसं, रांग अमुक, खुर्ची तमुक. आणि मग म्हणालात की रांगा-खुर्च्या गुणून बघा, प्रेक्षकांपेक्षा खुर्च्या जास्त निघतील. निघाल्या! ६ आडव्या, १६ उभ्या, म्हणजे २२ तारांत ९६ जागा. बटणं ८७. नऊ जागा रिकाम्या.

पण ते लगेच नाही कळलं. आधी तुम्ही मला मल्टीमीटर दिलात, कंटिन्यूइटीवर लावलात, आणि तुमच्या लेकीची चौकटीची वही आणून त्यात तक्ता आखायला लावलात. एकेक बटणाचा पाय धरायचा, दुसरी पिन फिरवत बसायचं, बीप वाजला की चौकटीत नाव लिहायचं. मी म्हणत होतो दोन रांगा बघू आणि बाकीचं अंदाजाने भरू. तुम्ही हसलात फक्त. "अंदाजाने भरलेला तक्ता आमच्याकडे सुपरवायझर फाडून हातात देतो." गपगुमान भरला सगळा.

मग रिकाम्या जागा तपासायच्या. कीबोर्ड कॉम्प्युटरला लावलेला, स्क्रीनवर ऑटोहॉटकी ह्या बटणांची कामं बदलायच्या सॉफ्टवेअरची की हिस्टरी उघडी, म्हणजे काय दाबलं गेलं त्याचा कोड दिसतो, आणि तुम्ही एका वायरच्या तुकड्याला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा तुकडा) लावून त्या रिकाम्या जोड्या एकेक करून क्षणभर जोडत होतात. यूएसबीचे ५ व्होल्ट, त्यामुळे शॉकची भीती नाही. पहिल्या काही जागा मुक्या. आणि मग अचानक एक कोड आला जो माझ्या कीबोर्डवर नाहीच! लेक ओरडलीच. मग अजून एक, मग अजून. एकूण पाच जिवंत निघाल्या, मला हव्या होत्या तेवढ्याच, ह्याला नशीब म्हणायला माझी हरकत नाही.

ही बटणं आली कुठून तर एकच चिप आणि तोच प्रोग्राम कंपन्या वेगवेगळ्या देशांच्या कीबोर्डला वापरतात. आपल्याकडे येतो तो अमेरिकन साचा, १०४ बटणांचा (माझा त्यातला नंबरपॅड छाटलेला). युरोपच्या साच्यात डाव्या शिफ्ट आणि झेडच्या मधे एक जास्त बटण असतं, आणि जपानी साच्यात स्पेसबारच्या दोन्ही बाजूंना हेन्कान-मुहेन्कान अशी बटणं असतात, टाइप केलेल्या 'काना' ह्या उच्चाराच्या अक्षरांचं कांजी, म्हणजे चित्रलिपी, करायचं का तसंच ठेवायचं ते सांगायला, शिवाय 'काना'चं वेगळं बटण, येनचं वेगळं. चिप त्या सगळ्यांची वाट बघत बसलेली असते, फक्त आपल्या बोर्डावर तिथे स्विच नसतो. म्हणजे माझ्या कीबोर्डात चार जपानी आणि एक युरोपियन पाहुणा आधीपासून राहत होते आणि ते तुम्ही शोधून काढलेत. (सगळ्याच कीबोर्डात निघतील असं नाही हां, कोणी माझ्या भरवशावर कीबोर्ड उघडू नका, आधी तक्ता भरा.)

सामान आणायला मी गेलो. मनपाच्या स्टॉपला उतरून चालत तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, ४१४८ नंबरचे डायोड अगदी चिल्लर पैशात मिळाले, तिथल्या एका दुकानदाराने मात्र "एवढ्या उद्योगापेक्षा नवीन घ्या ना" हा सल्ला फुकट दिला. स्विच जुन्या बाजारातून, रविवारी, एका मेलेल्या कीबोर्डचे उपसून, आणि तिथेच जुन्या हार्डडिस्कची ती रुंद चपटी केबल मिळाली जिच्यातून हव्या तेवढ्या तारा सोलून घेता येतात. नवी बटणं बसवायच्या पट्टीसाठी १.५ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा तुकडा, कारण चेरी कंपनीच्या पद्धतीच्या स्विचचे कान (बाजूचे खटके) तेवढ्याच जाडीत अडकतात, ३ मिमीचं ॲक्रिलिक घेतलं तर नुसते लोंबकळतात. भोकं १४ बाय १४ मिमी, मध्यापासून मध्य १९.०५, हे माप पाऊण इंचाचं आहे म्हणून असं विचित्र. पाच चौकोनी भोकं कानशीने घासून काढणे ह्या विषयावर मी वेगळं पत्र लिहू शकतो पण ते कानस बनवणाऱ्याला लिहीन आणि त्याची भाषा वेगळी असेल.

आणि मग सोल्डरिंग. इथे मला वाटलं होतं तुम्ही पाच मिनिटांत करून द्याल आणि मी बघत बसेन. तुम्ही इस्त्री, सॉरी, आयर्न माझ्या हातात दिलंत आणि खुर्ची ओढून शेजारी बसलात. टिप आधी टिन करून, म्हणजे सोल्डरचा पातळ थर देऊन घ्या, ओल्या स्पंजला पुसा, तार आणि पाय दोन्ही गरम करा आणि सोल्डर पायाला लावा, टिपेला नाही. चिपच्या बारीक पायांना मी हात लावणार होतो तर तुम्ही हात धरलात, म्हणालात त्या लाइनवरचं कुठलंही बटण चालेल ना, जवळचं मोठं टोक बघा. किती सोपं! फक्त आडवी लाइन घ्यायची असेल तर जुन्या डायोडच्या पलीकडच्या टोकाला धरायची, अलीकडे धरली तर फक्त त्या एका बटणाशी गाठ पडते, हे पण तुम्हीच वहीत काढून दाखवलंत.

प्रत्येक नव्या बटणाला डायोड हवाच का असं मी विचारलं, कारण पाचच तर बटणं. तेव्हा तुम्ही एका चौकोनाचे तीन कोपरे दाबून दाखवलेत: डायोड नसेल तर करंट उलटा फिरून चौथ्या कोपऱ्यातही पोचतो आणि न दाबलेलं बटण दाबल्यासारखं दिसतं. गेममध्ये तीनचार बटणं एकदम दाबलेली असतातच, म्हणजे ब्रेक मारताना आपोआप हॉर्न. डायोड लावले, काळी रेघ जुन्या डायोडच्या रेघेच्याच बाजूला ठेवून.

तुमचं ते सांध्याचं लेक्चर मी विसरणार नाही. कंपनीत एक्स्पोर्टच्या मालाला शिशाशिवायचं सोल्डर असतं, ते चांगलं बसलं तरी जरा मळकटच दिसतं, पण हे घरचं साठ-चाळीसवालं (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) चकचकीतच दिसायला पाहिजे, मळकट दिसलं म्हणजे ड्राय, कच्चा सांधा, परत गरम करा. आणि प्रत्येक तार ओढून बघणं. मला भीती वाटायची, निघाली तर? "निघाली तर आत्ताच निघू दे, बंद केल्यावर निघण्यापेक्षा." शेवटी तारा जिथून बाहेर येतात तिथे झिपटाय, ग्लू गन, आणि आयपीएने (एक प्रकारचं अल्कोहोल) सोल्डरिंगचा चिकट फ्लक्स पुसून साफ. शिसं आहे म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय चहाला हात लावू दिला नाहीत, दादांना सुद्धा, ते बिचारे नुसते बघत बसले होते.

एक स्विच एकदा दाबला की दोनदा उमटत होता. मी स्प्रे मारून बघू म्हणालो, तुम्ही म्हणालात जुनाबाजारी माल आहे, फेका आणि दुसरा घाला. घातला, मिटलं.

बटणांच्या टोप्या मेलेल्या कीबोर्डच्याच, पॉलिश पेपरने घासून अक्षरं उडवलेली, त्यावर लेकीने नेलपॉलिशने नक्षी काढलीय. ॲ तिनेच काढलाय, थोडा वाकडा आहे, आणि तो तसाच राहणार. हेन्कानवर इंडिकेटर, मुहेन्कानवर वायपर, 'काना'च्या बटणावर रिटार्डर, येनवर माइकचं बटण, आणि तो युरोपवाला आपला ॲ (तो आधी बॅकस्लॅश उमटवायचा, ऑटोहॉटकीत बदलला). ऑनलाइन मारामारीच्या गेममध्ये मात्र ही स्क्रिप्ट बंद ठेवतो, तिथे अँटीचीट, म्हणजे चीटिंग पकडणारे प्रोग्राम, असली सॉफ्टवेअर बघून अकाउंट उडवू शकतात आणि ते दुःख मला नकोय.

तर वहिनी, मनापासून थँक्यू. वेळ दिलात म्हणून तर आहेच, दिवसभर आठ तास हेच करून घरी आल्यावर परत माझ्या खेळण्यासाठी तेच करत बसलात, आणि खेळणं आहे म्हणून कुठे ढिलाई नाही केलीत, कंपनीतल्या बोर्डाला जे लावता तेच नियम ह्याला. दादा म्हणत होते की तुमच्या हातचा एकही बोर्ड परत आलेला नाही, ह्यावर तुम्ही त्यांना गप्प केलंत, पण मी ऐकलंय आणि आता सगळ्यांनी वाचलंय.

बिल्डिंगवाल्यांनो, ह्याचा अर्थ उद्यापासून सगळ्यांनी बिघडलेले मिक्सर घेऊन वहिनींकडे जायचं असा नाही. त्यांना पहाटे बस असते.

मल्टीमीटर माझ्याकडेच आहे, शनिवारी आणून देतो, त्याची बॅटरी नवीन टाकलीय. आणि लेकीला स्वतःचा छोटा कीपॅड हवाय असं ती मला जिन्यात कानात सांगून गेलीय, डायोड उरलेले आहेत, तारा आहेत, तर येत्या रविवारी तुम्हाला ओव्हरटाइम नसेल तर जुन्या बाजारात जाऊ तिघं, स्विच ह्यावेळी तुम्हीच निवडा. भोकं घासायला मी आहे.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा टकटकवाला