हिरव्या जोडीत निळं पिल्लू

रामबाग, इंदूर

प्रिय विनायक,

तुझ्या बजरींच्या (छोट्या पाळीव पोपटांच्या) हिरव्या जोडीच्या मडक्यात निळं पिल्लू निघालं म्हणून मादीवर लगेच संशय घेऊ नकोस. बजरीत निळा रंग रिसेसिव्ह, म्हणजे हिरव्यापुढे दबणारा असतो. आई आणि बाप दोघांकडून त्याच्या जीनची एकेक प्रत मिळाली तरच तो दिसतो. एकच मिळाली तर पक्षी हिरवागार, निळा आत दडलेला. असा पक्षी म्हणजे स्प्लिट. वहीत ‘ग्रीन/ब्लू’ लिही. पिंजऱ्यात ती जोडी एकटीच होती ना? मग दोघंही स्प्लिट आहेत.

अशा दोन स्प्लिटच्या जोडीला सरासरी चारात एक पिल्लू निळं होतं, पण ‘चारात एक निळं’ हा हिशेब प्रत्येक अंड्याला नव्याने लागतो. चारही पिल्लं हिरवी निघणं २५६ पैकी ८१ वेळा, म्हणजे जवळजवळ तिनात एकदा घडतं. तेव्हा एका खेपेवरून जोडी मोडू नकोस. हिरव्या पिल्लांत सरासरी तिनातली दोन स्प्लिट असतात, पण कोणती ते रंगावरून कळत नाही. विकणारा ‘स्प्लिट आहे’ म्हणून भाव वाढवू लागला की आईबापांचा रंग विचार. त्यांतलं एक निळं असेल तर हिरवं पिल्लू नक्की स्प्लिट. खात्री हवी असेल तर संशयित नराला निळी मादी लाव. एक निळं निघालं की प्रश्न मिटला. तो स्प्लिट असूनही पाचही पिल्लं हिरवी निघण्याची शक्यता ३२ पैकी १.

लुटिनोचं, म्हणजे लाल डोळ्यांच्या पिवळ्या पक्ष्याचं, गणित निराळं. तो जीन झेड या लिंग ठरवणाऱ्या क्रोमोझोमवर असतो. नराकडे दोन झेड, मादीकडे एकच, त्यामुळे तिला लपवायला जागाच नाही. ‘स्प्लिट लुटिनो मादी’ ही शुद्ध थाप! लुटिनो नराला हिरवी मादी लावलीस तर सगळ्या मुली लुटिनो, सगळे मुलगे हिरवे स्प्लिट. ताज्या पिल्लाच्या मिटल्या पापणीखाली काळा ठिपका दिसला तर नर, गुलाबी दिसला तर मादी. अल्बिनो, म्हणजे लाल डोळ्यांचा पांढरा पक्षी, हवा असेल तर याच्या जोडीला निळ्याच्या दोन्ही प्रतीही लागतात.

जर्मन आणि इंग्लिश फॅलो (तपकिरी खुणांच्या पक्ष्यांचे दोन प्रकार) मात्र एकत्र लावू नकोस. दोघांचे डोळे लाल, पण जीन वेगळे. पिल्लं साध्या रंगाची निघतात.

मोठ्या जाळीत दहा पक्षी एकत्र ठेवलेस तर यातलं काहीच चालणार नाही, बाप कोण तेच कळत नाही. आधीच्या नराचं बीजही मादीच्या पोटात काही दिवस टिकतं, म्हणून जोडी लावण्याआधी तिला तीन आठवडे वेगळी ठेव. पिल्लू आठवडाभराचं झालं की पायात ओळखीसाठी ४ मिलिमीटरची बंद कडी घाल: पुढची दोन बोटं आधी, मागची दोन पायाला सपाट धरून कडी वर सरकव, मग मागची काडीने सोडव. घाई केलीस तर गळून पडते, बाराव्या दिवसानंतर बहुधा जातच नाही.

त्या निळ्याला वर्षभर जोडी लावू नकोस, आणि सख्ख्या बहिणीशी तर नाहीच. बडोद्याचा उन्हाळा सुरू झाला की मडकी काढून ठेव.

तुझा,
अरविंद