आवळताना सरकणारा ब्रॅकेट आणि न सोडवता बंद केलेली तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(प्रत : उत्पादन डिझाइन विभाग)

विषय : एम १२ प्रॉक्सिमिटी सेन्सरसाठी घेतलेले बॉल-स्विव्हल ब्रॅकेट सदोष असल्याबाबत व तक्रार परस्पर बंद केल्याबाबत

काल दुपारी तुमच्या सेवा केंद्राशी झालेल्या फोननंतर हे पत्र लिहीत आहे. ब्रॅकेट कसा असतो आणि सेन्सर कशासाठी लावतात हे सांगण्यात वेळ घालवत नाही. माल तुमचा आहे, ड्रॉइंग तुमचं आहे.

शिरोली एमआयडीसीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये बिडाच्या कास्टिंगला भोकं पाडणारं एसपीएम, म्हणजे त्याच एका कामासाठी बनवलेलं मशीन आहे. इंडेक्सिंग टेबल फिरून जागेवर येतं, लॉकिंग पिन बुशमध्ये शिरते आणि मग ड्रिल हेड खाली उतरतं. टेबल जागेवर आलं हे एक सेन्सर सांगतो, पिन आत बसली हे दुसरा. दोन्ही सेन्सर नॉन-फ्लश, म्हणजे तोंडाभोवती धातू न ठेवता लावायचे, आणि समोरचा धातू ४ मिमी अंतरावरून ओळखणारे. दोन्ही तुमचे आणि चांगले आहेत. ते धरून ठेवणारे ब्रॅकेटही तुमचेच आहेत, आणि तक्रार फक्त ब्रॅकेटची आहे. हे वाक्य मी फोनवर इतक्यांदा बोलले आहे की इथे वेगळ्या ओळीत लिहिते.

तक्रार सेन्सरची नाही. ब्रॅकेटची आहे.

पहिला दोष. तुमच्या ब्रॅकेटमध्ये सेन्सर एका बॉलमध्ये बसतो आणि बॉलच्या सगळ्या हालचाली एकाच ॲलन स्क्रूने बंद होतात. कॅटलॉगमध्ये यालाच सोय म्हटलं आहे. प्रत्यक्षात काय होतं? फिटर सेन्सर डॉगच्या, म्हणजे सेन्सरने ओळखायच्या धातूच्या तुकड्याच्या, बरोबर मधोमध आणतो, फिलर गेजने गॅप बघतो आणि स्क्रू आवळायला घेतो. स्क्रू आवळताना बॉल त्याच्याबरोबर फिरतो. बॉलपासून सेन्सरच्या तोंडापर्यंत साधारण ४० मिमी अंतर आहे. बॉल एक अंश फिरला की तोंड ०.७ मिमी बाजूला जातं, तीन अंश फिरला की २ मिमी. म्हणजे जुळवलेली जागा घट्ट करतानाच बिघडते. मग फिटर अंदाजाने उलट्या बाजूला थोडं जास्त ठेवतो आणि आवळल्यावर ते जागेवर येईल अशी आशा करतो. माझा फिटर वयाने मोठा आहे, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये हात घडलेला माणूस आहे. त्याला टेबलाखाली अर्धा वाकून असा अंदाज बांधत बसावं लागतं, याचा मला राग येतो.

त्यातूनही जुळलं, तर ते टिकत नाही. बॉलची बैठक नायलॉनची आहे. काचतंतू मिसळलेलं असलं तरी ते नायलॉनच. सतत दाबाखाली ते हळूहळू दबतं, पावसाळ्यात ओल धरतं आणि स्क्रूचा ताण कमी होत जातो. कोल्हापूरचा पावसाळा तुमच्या डिझाइन विभागाला माहीत नसेल, पण ड्रिल थंड ठेवायला सोडतात ते कुलंट तर माहीत असेल. स्क्रूखाली तुम्ही स्प्रिंग वॉशर दिला आहे. आडव्या हादऱ्यांखाली नट-बोल्ट कसे सुटत जातात, हे जर्मन अभियंते गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवलं. त्याच प्रकारच्या चाचणीत साधा स्प्रिंग वॉशर ते सुटणं थांबवू शकत नाही, हे पुढे पुन्हा पुन्हा दिसलं. ड्रिलिंग मशीनवर आडवे हादरे असतातच. मशीनवर लावायची वस्तू बनवणाऱ्यांना हे मी सांगावं लागतं, हे मला पटत नाही.

दुसरा दोष जास्त गंभीर आहे. ब्रॅकेटची पुढची लोखंडी रिंग सेन्सरच्या तोंडाच्या पातळीपर्यंत येते. नॉन-फ्लश सेन्सरच्या तोंडाभोवती धातू नको, हे तुमच्याच सेन्सरच्या डेटाशीटवर चित्र काढून दाखवलं आहे. सेन्सरचं धातू ओळखणारं क्षेत्र पुढे जातं तसंच बाजूलाही पसरतं. तुमची रिंग त्या क्षेत्रात उभी आहे, त्यामुळे सेन्सर आधीच अर्धा चालू झालेला असतो. त्यावर बिडाचा बारीक चुरा साचला की समोर पिन नसतानाही तो चालू होतो.

तसंच झालं. पिन बुशच्या काठावर अडकली होती, आत गेली नव्हती. सेन्सरने पिन आत असल्याचं सांगितलं. मशीन चालवणाऱ्या पीएलसी कंट्रोलरने त्यावर विश्वास ठेवला आणि हेड खाली आलं. ड्रिल तुटलं, जॉब वाया गेला. गार्ड बंद होतं म्हणून तुकडा आतच राहिला. गार्डच्या पलीकडे माझ्याकडे काम करणारी मुलगी उभी होती. ही ओळ वाचून लगेच पुढे जाऊ नका.

आता कालचा फोन. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं असं सुरुवातीला ऐकवलं जातं, तेव्हा ऐकून घ्या.

मी तक्रार क्रमांक सांगितला. तुमचा माणूस म्हणाला, “मॅडम, फोन जरा सरांकडे द्या.”

मी म्हटलं, वर्कशॉप माझं आहे, माझ्याशीच बोला.

“बरं, मग मेकॅनिकला द्या. टेक्निकल विचारायचंय.”

मी म्हटलं, टेक्निकल मलाच विचारा. मशीनचं ड्रॉइंग माझं आहे.

तो थोडा थांबला. मग म्हणाला, “सेन्सरवर लाइट लागते का?”

“लागते. नको तेव्हा लागते. पिन बाहेर असताना लागते. हीच तक्रार आहे.”

“लागते ना? मग सेन्सर ओके आहे मॅडम.”

“सेन्सर ओके आहे असं मीही म्हणते आहे. ब्रॅकेटची रिंग त्याच्या तोंडाला लागून आहे. नॉन-फ्लश सेन्सरला ती चालत नाही.”

“ब्रॅकेट ॲक्सेसरीमध्ये येतो. ॲक्सेसरीला वॉरंटी नसते.”

मी विचारलं, वॉरंटी नसली तरी चुकीचं डिझाइन चालतं का? त्यावर तो म्हणाला, “तुम्ही फ्लश सेन्सर घ्या ना. आमच्याकडे आहेत.”

मी त्याला समजावून सांगितलं. तुमच्या साध्या फ्लश, म्हणजे तोंडापर्यंत धातूत बसवता येणाऱ्या, एम १२ सेन्सरचं अंतर २ मिमी. आयईसी ६०९४७-५-२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे खात्रीने धरायचं अंतर त्याच्या ०.८१ पट, म्हणजे १.६२ मिमी. नॉन-फ्लशला तेच ३.२४ मिमी मिळतं. टेबलाला थोडा रनआउट आहे, म्हणजे फिरताना ते किंचित डगमगतं, वर चुरा आहे. १.६२ मिमीमध्ये डॉग एक दिवस सेन्सरचं तोंड फोडेल. दुप्पट अंतराचे फ्लश सेन्सर मिळतात हे मला माहीत आहे. पण ब्रॅकेट चुकीचा म्हणून चांगले चाललेले सेन्सर मी का बदलायचे, आणि तेही माझ्या पैशाने?

हे सगळं त्याने ऐकून घेतलं. की घेतलं नाही, मला कळलं नाही. कारण शेवटी तो म्हणाला, “मॅडम, यूट्यूबवर सेन्सर अलाइनमेंटचे व्हिडिओ आहेत. तुमच्या मुलांना दाखवा.” आणि फोन ठेवला.

थोड्याच वेळात मेसेज आला : आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण करण्यात आले आहे. सेवेला गुण द्या.

कोणाचं समाधान झालं? फोन तुम्ही ठेवलात, तक्रार तुम्ही बंद केलीत, आणि समाधान माझ्या नावावर लिहिलंत. तुमच्या कागदावर आता हा प्रश्न सुटलेला आहे. पुढच्या वर्षी डिझाइन विभागात कोणी या ब्रॅकेटच्या तक्रारी काढून बघेल, तेव्हा त्याला माझी तक्रार सुटलेल्यांत दिसेल. मग ब्रॅकेट कोण बदलणार? सरांकडे फोन मागितल्याचं मला वाईट वाटलं, ते आहेच. पण त्याहून हे खोटं नोंदवणं मला जास्त लागलं.

ही वस्तू नीट करणं अवघड आहे असंही नाही. तुमच्या डिझाइन विभागाने पुढचा भाग वाचावा म्हणून त्यांना प्रत पाठवते आहे.

कुठलीही वस्तू सहा प्रकारे हलू शकते : तीन दिशांना सरकते, तीन अक्षांभोवती फिरते. दंडगोल सेन्सर स्वतःच्या अक्षाभोवती फिरला तर काही बिघडत नाही. उरल्या पाच हालचाली. सेन्सर एका नेमक्या भोकात बसवला की त्यांतल्या चार जागच्या जागी संपतात. राहिली एकच, पुढे-मागे. तीच तेवढी जुळवायची असते. त्यासाठी वेगळं काही शोधायचीही गरज नाही, कारण सेन्सरवर आटे आहेतच. या एम १२ (१२ मिमी व्यासाच्या) आट्याला पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिमी. एक पूर्ण फेरा म्हणजे १ मिमी, नटाचा एक पैलू म्हणजे साधारण ०.१७ मिमी. यापेक्षा बारीक जुळवणी मशीनवर कोणाला लागते? तुमच्या बॉलने मात्र ज्या हालचाली बंद असायला हव्यात, त्याच मोकळ्या केल्या आहेत.

मी टूलरूममध्ये पडलेल्या एमएसच्या (साध्या पोलादाच्या) तुकड्यातून चौकोनी ब्लॉक करून घेतला. त्यात एम १२ बाय १ चा आटा मारला, एका बाजूने चीर पाडली आणि आडवा स्क्रू दिला. स्क्रू आवळला की चीर मिटते आणि सेन्सर धरला जातो. आवळण्याचा जोर सेन्सरला फिरवत नाही, सरकवत नाही. जुळवणं एकीकडे, आवळणं दुसरीकडे, एवढंच त्यात आहे. सेन्सरचं तोंड ब्लॉकच्या १२ मिमी बाहेर ठेवलं आहे, त्यामुळे आजूबाजूला लोखंड नाही. ब्लॉक खालच्या प्लेटवर ६ मिमीच्या दोन डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या) पिनांवर बसतो. एकीसाठी रीम केलेलं, नेमक्या मापाचं गोल भोक, दुसरीसाठी लांबट खाच. त्यामुळे ब्लॉक काढून परत लावला की तिथेच येतो आणि पिनांवर अडकतही नाही. जुन्या सेन्सरवरचा चेक नट कुठे होता ते डेप्थ गेजने मोजायचं, नव्यावर तसाच लावायचा आणि ब्लॉकच्या तोंडाला टेकेपर्यंत सेन्सर आत फिरवायचा. तो गॅप पुन्हा जुळवायची वेळ येत नाही. १७चा पाना आणि एक ॲलन की, तेवढ्यावर रात्रपाळीचा ऑपरेटरसुद्धा सेन्सर बदलतो.

सेन्सर कधीतरी जाणारच. केबल तुटते, कुलंट आत जातं, डॉग लागतो. म्हणून ब्रॅकेट कसा आहे हे सेन्सर पहिल्यांदा लावताना कळत नाही, बदलताना कळतं. तुमच्या ब्रॅकेटमध्ये प्रत्येक बदल म्हणजे पहिल्यापासून जुळवणी. हे तुमच्या कारखान्यातही होत असेल, तिथेही मशीन असतील. तुमचे लोक तिथे हाच ब्रॅकेट वापरतात का?

माझ्या मागण्या अशा. सर्व ब्रॅकेटचे पैसे परत करा. ते तुमच्या खर्चाने घेऊन जा. “सर्व एम १२ सेन्सरसाठी योग्य” हे कॅटलॉगमधलं वाक्य काढा आणि हा ब्रॅकेट नॉन-फ्लश सेन्सरला लावू नये असं त्याच पानावर ठळक छापा. ज्यांनी असे ब्रॅकेट घेतले आहेत त्यांना कळवा, कारण सगळ्यांच्या मशीनवर गार्ड बंद असेल असं नाही. माझी तक्रार पुन्हा उघडा आणि ‘समाधानकारक’ हा शब्द खोडा.

तुमच्या विक्री प्रतिनिधीला खरेदीच्या आधी मी ईमेलवर लिहिलं होतं की सेन्सर नॉन-फ्लश आहे, मशीन ड्रिलिंगचं आहे, चुरा बिडाचा आहे. त्याने याच ब्रॅकेटची शिफारस केली. काम सांगून, विक्रेत्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवून माल घेतला तर तो त्या कामाला योग्य असायला हवा, असं मालविक्री अधिनियम, १९३० चं कलम १६ सांगतं. तुमचा माणूस मला म्हणाला की धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वापरलेला माल २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात व्यापारी हेतूतून वगळला आहे. हे वर्कशॉप माझं पोट आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. गोकुळ शिरगाव आणि कागलच्या ओळखीच्या वर्कशॉपवाल्यांना तुमचा ब्रॅकेट आणि माझा ब्लॉक शेजारी ठेवून दाखवीन, तेही ठरवलं आहे.

तुमचे सेन्सर मी गेली कित्येक वर्षं डोळे झाकून घेत आले. म्हणून हे इतकं लांब लिहिलं. दुसऱ्या कंपनीचा माल असता तर काढून भंगारात टाकला असता आणि पुन्हा नाव घेतलं नसतं.

उत्तर देण्यासाठी अशा माणसाला नेमा, ज्याने चालत्या मशीनवर स्वतःच्या हाताने एकदा तरी सेन्सर लावला आहे. फोन त्याने माझ्याच नावाने करावा.

सोबत : बिलाची प्रत, विक्री प्रतिनिधीबरोबरचा ईमेल, तुटलेल्या ड्रिलचा आणि रिंगमध्ये साचलेल्या चुऱ्याचा फोटो, ब्लॉकचं ड्रॉइंग. ड्रॉइंग वापरायचं असेल तर खुशाल वापरा, मला त्याचे पैसे नकोत.

आपली,
वर्कशॉप मालक
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर