भास्करा, उत्तर पत्रानेच दे

नाशिक,
मार्गशीर्षातला रविवार

प्रिय भास्कर,

दिवाळीनंतर आलेले तुझे फोन मी मुद्दामच उचलले नाहीत. वहिनींनी सुमनला विचारलं म्हणे, ‘भावजींचं काही बिनसलंय का?’ बिनसलं काही नाही. पण जे झालंय ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि ते सोडून इकडचं-तिकडचं बोलत बसलो असतो तर तू दोन मिनिटांत पकडलं असतंस. आता लिहितोच सगळं.

तब्येत ठीक. बीपीची गोळी बदलली, गुडघा कुरकुरतो. सुमन पुण्यातच आहे, नातवाला सोडून यायला तयार नाही. झालं.

तर मी हरिपाठाला जायला लागलोय.

हसून घे, थांबतो मी. पौषात त्र्यंबकला निघालेल्या दिंड्यांना सातपूरला लोक चहा वाटायचे, आणि आयटीआयचे आपण दोघं त्या रांगेत उभे राहून फुकटचा चहा प्यायचो, वर दिंडीतल्या म्हाताऱ्यांच्या चालीची नक्कल करायचो. तुला ती जास्त चांगली जमायची. आता माझी चालच तशी झालीय, काही सराव न करता.

रिटायर झाल्यावर सुरुवातीला बरं वाटलं. मग सुमन पुण्याला गेली आणि घर खायला उठलं. रात्री तीनला जाग यायची, छातीत धडधड. ईसीजी काढला, स्वच्छ. डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीहून लहान पोरगी, ती म्हणाली, ‘काका, मन रमवा कशाततरी.’ ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर जाऊन पाहिलं. तिथे दोनच विषय, जेवणाआधीची शुगर आणि जेवणानंतरची. सिंहस्थाची कामं निघाल्यापासून तिसरा आला, आज कुठला रस्ता खणला. (तपोवनातल्या झाडांचं प्रकरण तू पेपरात वाचलं असशीलच. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल, आणि त्यात शिव्याच जास्त असतील.)

कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात संध्याकाळी सातला हरिपाठ असतो. आधी बाहेर ओट्यावर बसून ऐकायचो. ज्ञानोबांचे सत्तावीस अभंग, पाऊण तासात होतात म्हणून. मग एकदा कुणीतरी हातात टाळ दिले. टूलरूमचा माणूस मी, घरी आणून व्हर्नियर लावला. दोन्ही वाट्यांच्या काठाची जाडी वेगळी! बुवांना म्हटलं, हा माल रिजेक्ट व्हायला पाहिजे. ते म्हणाले, ‘वाजतात ना? मग झालं.’ टाळाच्या दोरीने तर्जनीला चर पडला. पावली खेळताना सगळे मागे सरकले की मी पुढे, त्यामुळे एका बिचाऱ्या पोस्टमास्तरांचा अंगठा मी कायमचा ठेचून ठेवलाय. पण झोप लागायला लागली.

देव आहे का नाही या आपल्या वादात मी पलीकडे जाऊन बसलो, असं लगेच समजू नकोस. बसलोही असेन. अजूनही तीनला जाग येते, पण आता अंधारात एखादा अभंग पुटपुटतो आणि कुणीतरी उशाशी बसलंय असं वाटतं. कोण, ते मी विचारत नाही. विचारलं तर उठून जाईल अशी भीती वाटते. तू याला म्हातारपण म्हणशील. म्हण. धडधड थांबते, एवढं मात्र खरं.

म्हणजे श्रद्धेचं मला जड गेलं नाही. गाडी अडली ती भलतीकडेच.

हरिपाठात एकजण वीणा गळ्यात घेऊन मध्ये उभा असतो. वीणा खाली ठेवत नाहीत. एक दमला की दुसरा घेतो, आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. शेवटी आरती झाली की सगळे विणेकऱ्याच्या पाया पडतात, मग तो कुणीही असो. आमच्याकडे विणेकरी किसन असतो.

हो, तोच. आपल्या टूलरूमचा. लेथखालचा बुरा झाडणारा, चहाची किटली आणणारा, तुला ‘भास्करदादा’ आणि मला ‘साहेब’ म्हणणारा किसन. देवळात पहिल्यांदा दिसला तेव्हा मला आनंदच झाला होता, ओळखीचं माणूस भेटलं म्हणून. पाया पडायची वेळ आली आणि आनंद ओसरला.

मग मी युक्त्या काढल्या. आरती सुरू झाली, लोकांचे डोळे मिटले, की चपला शोधायला बाहेर. कधी अडकलोच तर हात वीणेच्या भोपळ्याला लावायचा आणि कपाळाला न्यायचा. म्हणजे पाया वीणेच्या पडलो, किसनच्या नाही. संपाच्या वेळी दोन्ही कागदांवर सही न करता मी कसा निसटलो होतो, यावर तू आयुष्यभर बोलत आलायस, तेव्हा आता नवीन काही बोलू नकोस. ‘मध्या, सुपरवायझर झालास की तुझी मान आखडेल,’ हेही तूच म्हणाला होतास. त्यावरून आपण किती दिवस बोललो नव्हतो, आठवतं? शेवटी वहिनींच्या डोहाळजेवणाला सुमन मला ओढत घेऊन आली होती.

तर कार्तिकी पौर्णिमेला किसनने न विचारताच वीणा काढून माझ्या गळ्यात घातली. तू कधी घेतलीयस का? दिसते तशी हलकी नसते. भोपळा पोटाशी, दांडी खांद्याला, आणि तार छेडणारं बोट थांबवायचं नाही. मी त्या खटाटोपात होतो, तेवढ्यात किसन वाकला, माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि उठून म्हणाला, ‘माउली.’ आता मी वाकायचं होतं. पंधरा-वीस माणसं बघतायत, पखवाज चालू आहे, आणि मी उभा. खांबासारखा. किसन क्षणभर थांबला, मग हसला आणि टाळ घेऊन रांगेत जाऊन उभा राहिला.

मला काय वाटलं सांगू? लाज वगैरे नंतर. पहिल्यांदा आला तो राग. हा मला साहेब का म्हणाला नाही? कंपनी सुटली, केबिन गेली, घरी चहा विचारणारं कुणी नाही, आणि हा एवढा एक शब्द उरला होता, तोही याने काढून घेतला! भास्कर, साठी उलटलेल्या माणसाला देवळात, ज्ञानोबांचं नाव तोंडात असताना, असला राग येतो.

मग काही दिवस गेलोच नाही. सर्दीचं कारण सांगितलं. किसन घरी आला. माझा मफलर देवळात राहिला होता तो घेऊन. खुर्चीवर बैस म्हटलं तर टोकावर टेकला. चहा मीच केला, दुसरं कोण करणार. पहिला घोट घेऊन म्हणाला, ‘साखर लई झाली.’ त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. त्याच्या गावच्या कांद्याचं, सुनेच्या शिलाई मशीनचं बोलत बसला. मी त्याच्याखेरीज कुणाशी इतका वेळ बोललोच नव्हतो त्या आठवड्यात. जाताना दारात म्हणाला, ‘उद्या आळंदीची एकादशी. लवकर या.’

गेलो. आणि वाकलो. गुडघा असा कडकन वाजला की पखवाजवाल्याने वळून पाहिलं. डोकं त्याच्या पायाला टेकलं, टाचांच्या भेगा अगदी डोळ्यांसमोर आल्या, बुरा अजून त्यात बसलेला असावा तशा काळ्या. पण आत काही म्हणजे काही झालं नाही. ना डोळ्यांत पाणी, ना गहिवर. उलट एक जण आत उभा राहून बघत होता, किती वाकला ते मोजत. बुवांना विचारलं, अशा वाकण्याला काय अर्थ? ते म्हणाले, ‘तुम्ही कंबर पाठवा पुढे. मन येतंय मागून, रिक्षा मिळाली की.’

तेव्हापासून रोज वाकतो. मन अजून द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये अडकलंय.

आता खरा प्रश्न, ज्याच्यासाठी हे पत्र. दुसऱ्या कुणाला मी तो विचारू शकत नाही. बुवांनाही नाही, सुमनला तर नाहीच. मी त्या दिवशी उभा राहिलो तो सुपरवायझर होतो म्हणून, की दुसरंही काही होतं? किसनचं आडनाव काय, वस्ती कुठली, तुला माहीत आहे. मला सांगायला सोपं आहे की हे सगळं हुद्द्याचं. आपण एका डब्यात जेवलो, तुझ्या आईच्या हातची भाकरी माझ्या आईच्या भाकरीपेक्षा मी जास्त खाल्ली, मग माझ्यात ते कुठून येणार? असं मी स्वतःला सांगतो आणि रात्री तीनला ते मला पटत नाही. पोस्टमास्तरांच्या पाया पडताना मला काहीच अडचण आली नव्हती. तेही माझे कुणी लागत नाहीत.

तुझ्या आजोबांच्या कपाळावरची ती खूण मला अजून दिसते. २ मार्च १९३० पासून ते काळारामाच्या दाराशी बसलेले, आणि दगड लागला तो रामनवमीच्या रथाच्या दिवशी. आपण विचारायचो, ‘आजोबा, लई दुखलं का?’ तर म्हणायचे, ‘रामाला विचारा, तो समोरच होता.’ वर्षानुवर्षं मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह चालला, दार काही उघडलं नाही, आणि मग ३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी हा धर्म सोडायचं जाहीर केलं. त्या घरातल्या नातवाला मी हरिपाठाचं कौतुक सांगतोय, कमाल आहे माझी.

आणि पंढरपूरची ती कंपनीची ट्रिप. महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीपाशी तू बसलास तो आत आलाच नाहीस. ‘तू जा, मी यांच्या सोबतीला थांबतो,’ म्हणालास. मी तुला हट्टी म्हटलं आणि परतीच्या बसमध्ये आपण वेगवेगळ्या सीटवर बसलो. चोखोबांना पायरीशी का ठेवलं, याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. बुवा सांगतात ते उत्तर मला गोड वाटतं, आणि गोड वाटतं म्हणूनच मी ते तुला लिहीत नाही.

यात भर म्हणजे बुवा मागे लागलेत, पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीपुढे माळ घाला. यंदा ती संक्रांतीच्या सुमारासच येतेय. माळ घातली की मटण बंद, क्वार्टर बंद, एकादशी आणि वारी चालू. सुमन फोनवर म्हणाली, ‘माळ घाला नाहीतर घालू नका, आधी डब्यातल्या सुक्या बोंबलांचं काय ते ठरवा.’ मटणाचं मी निभावून नेईन. नाथांच्या दारात तुळशीची माळ गळ्यात पडावी असं मला मनापासून वाटतंय, ते खोटं नाही. पण माळ परत काढायची नसते, आणि मी जन्मभर प्रत्येक गोष्टीला मागचं दार ठेवून जगलोय, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? रोज सगळ्यांच्या पाया पडायचं आणि आत तो मोजणारा तसाच उभा, मग ती माळ शर्टाच्या आत शोभेल कशी? किसन म्हणतो, ‘घाला. माझ्यात तरी कुठं सगळं गेलंय.’ त्याच्यात काय उरलंय ते मी विचारलं नाही.

म्हणून तुझं मत हवंय. तू हे ओळखण्यात चुकणार नाहीस, तुला पोरवयापासून ओळखावंच लागलंय. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. तसंही तू लिहिणार नाहीस.

तुझं डोळ्याचं ऑपरेशन झालं ना? थेंब वेळेवर घाल, वहिनींवर सोडू नकोस. प्राजक्ताचं जमलं हे सुमनकडून कळलं, फार छान झालं, तारीख कळव. धाकट्याची नोकरी टिकली का? तुझ्या गच्चीतल्या लिंबाला फळ धरलं की नाही?

संक्रांतीच्या आठवड्यात जमलं तर ये. सेवाग्रामने नाशिकरोडला उतर, मी स्कूटर घेऊन येतो. त्र्यंबकला चल म्हणणार नाही. तू घरी बस, पेपर वाच, मी परत आलो की काळ्या रश्शाची मिसळ खाऊ. त्यात मटण नसतं, म्हणजे कसंही झालं तरी आपली सोय आहे.

किसनला तू येशील असं आधीच सांगून बसलोय. विचारत होता, भास्करदादांनी बिडी सोडली का?

तुझा,
मधू