ढिगाऱ्यातून ओढण्याआधी सलाईन लावा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी पुण्यातल्या एका कॅज्युअल्टीत तीस वर्षं सिस्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पावसाळा तोंडावर आला की एक युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, डोळ्यांपुढे येते.

सेंटरिंगचं काम करणारा पोरगा होता, तेवीस-चोवीसचा. स्लॅब कोसळला आणि दोन्ही मांड्या पाच तास बीमखाली. तेवढा वेळ तो बोलत होता, मुकादमाकडे त्यानं तंबाखूसुद्धा मागितली म्हणे. बीम उचलला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे पोचेपर्यंत नाडी अडखळायला लागली होती. कॅथेटर घातलं तर बॅगेत कोऱ्या चहासारखी लघवी, तीही दोन चमचे. बाहेर त्याचा मामा सांगत सुटला होता, "हाडसुद्धा मोडलं नाही, वाचला पोरगा." सकाळी मामाला बॉडी ताब्यात द्यावी लागली.

दबलेला स्नायू आतल्या आत मरतो. वजन असेपर्यंत त्यातला ऐवज तिथंच कोंडलेला असतो. वजन उचललं की रक्त वाहू लागतं, पोटॅशियम हृदयावर जाऊन आदळतं आणि मायोग्लोबिन हे स्नायूतलं प्रथिन मूत्रपिंडाच्या नळ्या तुंबवतं. अंगातलं पाणी सुजलेल्या पायात उतरतं, रक्तदाब पडतो. ही काही नवी माहिती नाही. लंडनवरच्या बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांवरून बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी 1941 मध्येच हे लिहून ठेवलंय. 1999 च्या तुर्कस्तानच्या भूकंपात अशा 477 जणांना डायलिसिसवर ठेवावं लागलं होतं.

डायलिसिस पुढचं झालं. आधीचा उपाय फार स्वस्त आहे. ढिगाऱ्यातून एक हात मोकळा सापडला तरी तिथंच शीर धरायची आणि वजन हलवण्याआधी नॉर्मल सलाईन सुरू करायचं, मोठ्या माणसाला तासाला साधारण एक लिटर. आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेटची बाटली नको, त्यात पोटॅशियम असतं. (घाईत हाताला लागते ती बाटली नेमकी आरएलची, हे कुठल्याही सिस्टरला विचारा.)

माळीणला 2014 मध्ये डोंगर खचला, 2019 मध्ये कोंढव्यात मजुरांच्या झोपड्यांवर भिंत पडली, 2022 मध्ये येरवड्यात स्लॅबसाठी बांधलेली लोखंडी जाळी कोसळली. एनडीआरएफची तुकडी आपल्या सुदुंबऱ्यातच आहे, पण पहिला तास असतो तो अग्निशमन दलाचा, 108 चा आणि जेसीबीवाल्याचा. म्हणून मागणं एवढंच. पावसाळ्याआधी 108 च्या डॉक्टरांना आणि फायरमनना हे एकत्र शिकवा, आणि डॉक्टर "ओढा" म्हणेपर्यंत कुणी ओढू नये असा लेखी आदेश काढा. असा पेशंट जवळच्या नाही, तर डायलिसिस असलेल्या रुग्णालयातच न्यावा. तो किती वाजता दबला आणि किती वाजता सुटला, हे मार्करनं त्याच्या कपाळावर लिहावं. त्या रात्री ती वेळ आम्हाला मामाला विचारावी लागली होती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, पुणे