फुटलेली जलवाहिनी जोडणाऱ्यांचे आभार

मुख्य जलवाहिनी फुटल्यावर खड्ड्यात उतरलेल्या अनामिक कामगारांचे आणि व्हॉल्व्हमनचे मनापासून आभार. व्हॉल्व्ह तुम्ही सावकाश फिरवलात. घाईने आवळला की दाबाचा हादरा बसून दुसराच सांधा निखळतो. पाइपाच्या तळाखालपर्यंत खोदून गढूळ पाणी उपसेपर्यंत थोडा दाब राखलात, म्हणून चिरेतून घाण आत शिरली नाही. क्लॅम्प (चिरेवर आवळायचा पट्टा) बसवण्याआधी पाइप घासून क्लोरीनच्या द्रावणाने पुसलात. हे कुणाला दिसत नाही, पण खरं काम तेच! पाइपाभोवती वाळू, वर १५-१५ सेंटिमीटरच्या थरांवर धुमस. नाहीतर पहिल्याच पावसात रस्ता खचतो. शेवटी वॉशआउट, म्हणजे पाइप धुऊन पाणी बाहेर सोडायचं तोंड, उघडून गढूळ पाणी सोडून दिलंत आणि नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळेपर्यंत थांबलात, त्याबद्दल आम्ही विशेष ऋणी आहोत.