व्यायाम हवा, वाफारा नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

योग, मसाज आणि पंचकर्म यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस बरा होतो, अशा जाहिराती हल्ली वारंवार दिसतात. गेली अकरा वर्षे या आजारासह जगत असल्याने त्याविषयी लिहावेसे वाटले.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावरच हल्ला करते. अशा उघड्या पडलेल्या तंतूंतून संदेश आधीच अडखळत जातात आणि अंग तापले की आणखी अडतात. श्रमांनंतर अशा रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवून ठेवले आहे; त्यामागे अंगातली उष्णता आहे, हे पुढे कळले. तरीही तीन वर्षांपूर्वी, ऐन एप्रिलमध्ये, एका उपचारकेंद्रात मला 'अंग मोकळे होईल' म्हणून वाफेच्या पेटीत बसवण्यात आले. बाहेर आले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दिसेनात आणि चप्पल घालायला पाय उचलेना. तासाभराने सारे पूर्ववत झाले. उष्णतेचा हा त्रास तात्पुरता असतो, हे मात्र मला नंतर न्यूरॉलॉजिस्टांकडून फोनवर कळले.

पूरक उपचार निरुपयोगी आहेत, असे मी म्हणत नाही. अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६९ रुग्णांच्या चाचणीत एका गटाने सहा महिने आपल्या पुण्यातून जगभर गेलेला अय्यंगार योग केला, तर दुसऱ्याने व्यायामाची सायकल चालवली. व्यायाम न करणाऱ्या तिसऱ्या गटाच्या तुलनेत दोन्ही गटांचा थकवा कमी झाला. आकलन व एकाग्रतेत मात्र फरक पडला नाही. योग सायकलीइतकाच उपयोगी ठरला, हे कोणतीही जाहिरात छापत नाही. आजाराचे झटके कमी करण्याचे काम औषधांचे आहे, आणि ती सोडायला सांगणाऱ्याच्या दारात पुन्हा जाऊ नये.

माझा स्वतःचा व्यायाम अगदी साधा आहे: पहाटे कूलरसमोर, मानेभोवती ओला पंचा गुंडाळून, खुर्चीत बसून पाय ताणायचे, मग ओट्याला धरून टाचा उचलायच्या. दहा मिनिटे झाली की थांबते, कारण हौसेने आणखी पाच मिनिटे केली तर दुपारी पोळ्या लाटायला हात उरत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये या आजाराचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे महापालिकेच्या योगवर्गांपैकी निदान एक तरी उन्हाळ्यात सकाळी सातपूर्वी, पंखे असलेल्या तळमजल्यावरील सभागृहात आणि खुर्च्या मांडून भरवावा, अशी विनंती आपल्या पत्रातून संबंधितांपर्यंत पोहोचवावी.

आपली विश्वासू,
एक वाचक, अकोला